राखेचा नियम

मानेवाड्यात, गच्चीखालच्या तापल्या खोलीत
कूलरमध्ये तीन बादल्या ओतून
आम्ही एक जग बसवतोय.
चौकटीच्या वहीत सहा राज्यं, दोन नद्या,
खंडणी मागणारा एक ड्रॅगन.

ऋचिताची मांत्रिक बोट वर करते
नि नगरभर दिवे लागतात. फुकट.

भूपेश फासे खाली ठेवतो.
"असं असंल तं माहा लोहार
इंजिन कायले बनवंल बे?"

त्याचा बाप कोराडीला, बॉयलरवर, रातपाळी.
दोरीवरचे पांढरे शर्ट
सुकता सुकता राखाडी होतात.
त्याला उजेडाचा पत्ता ठाऊक आहे.

"मंत्राले धूर नसते," ऋचिता म्हणते,
"म्हणून तर तो मंत्र."

जग माझं, नियम मलाच लिहायचा.
लिहितो, खोडतो.
मला मारबत आठवते, बांबू-कागदाची,
इडा पिडा, खोकला, महागाई
सगळं घेऊन जाणारी.
तीही जळतेच शेवटी,
आणि दुसऱ्या सकाळी
कुणीतरी खराटा घेऊन येतं.

मग लिहितो:
*दर मंत्रामागे एक सूप राख.
इंजिनालाही तेवढीच.
कुठे पडणार, ते आधी सांगायचं.*

तेवढ्यात लाईट जाते.
कूलरचं पातं दोन-चार गिरक्या घेऊन थांबतं.
भूपेश बापाला फोन लावतो, लागत नाही.

अंधारात ऋचिताचं बोट
सवयीनं वर गेलेलं, तिथंच अडलेलं.

"कोनाच्या दोरीवर?"
ती हळूच विचारते.