राखण

पहिल्या रात्री तीन करडं गेली.
दुसऱ्या रात्री गाभण शेळी,
जी हौसावहिनीनं माहेरहून पिशवीत घालून आणली होती,
वितीएवढी असताना.
खाल्लं काहीच नाही. नुसतं फाडलं.
बिबट्या असता तर पंचनामा झाला असता,
वनखात्याचा शिक्का, मागाहून थोडे पैसे.
कुत्र्यांचा पंचनामा कोण करतं?

ग्रामसेवक म्हणाला, सांगलीहून नसबंदीची गाडी येणार आहे.
कधी, ते गाडीलाच माहीत.

मग आम्हीच लागलो कामाला.
बोअरच्या जुन्या पायपा, बाभळीचे फेस,
द्राक्षबागेतली विरलेली पाखरांची जाळी,
आणि कमी पडलं तिथं वहिनीच्या दोन साड्या,
एक निळी, एक लग्नातली.
खाली हातभर चर खणून दगड पुरले,
कारण कुत्रं उडी मारत नाही, उकरतं.
हे शेळी गेल्यावर कळलं.

येरळेच्या अंगाला ठिबकच्या नळ्या चावलेल्या.
उन्हाळ्यात पाण्याचा वास लागतो त्यांना.
दाताएवढं भोक, भोकातून कारंजं,
वेली कोरड्या आणि बांध ओला.
शिवदास जोड बसवत दिवसभर शिव्या देत होता,
संध्याकाळी खिशातून पुडी काढून म्हणाला,
"भाकरीत कालवून ठिव. सकाळपातुर गप."
घेतली. चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली.
नको, असं म्हणालो नाही.

चौथी रात्र.
बॅटरी, काठी, तेलाचा रिकामा डबा.
अडीचच्या सुमारास शेळ्या उठून उभ्या राहिल्या,
सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.
आवाज नाही. नुसते कान.
बॅटरी मारली : डोळ्यांच्या सहा जोड्या, हिरव्या.
डबा बडवला. पाच विझल्या.
एक तिथंच.

काळा. डाव्या कानाला शेंडा नाही.
तो कान मी ओळखतो.
पाडव्यापर्यंत कारखान्यामागच्या माळावर
ऊसतोडीच्या टोळीच्या खोप्या होत्या,
तिथली एक बीडकडची पोरगी, सात-आठ वर्षांची,
भावासाठी माझ्याकडून शेळीचं दूध न्यायची,
अर्धं वाटेतच ह्याला पाजायची,
आणि घरी जाऊन सांगायची, सांडलं.
पट्टा पडला. ट्रॉल्या भरल्या.
पत्रे, भांडी, म्हातारी, कोंबड्या, बाजलं, सगळं चढलं.
पोरगी मागच्या फळीवरून हाका मारत होती
आणि हा नदीच्या पुलापर्यंत धावत होता.
पुढचं मी बघितलं नाही,
मला धारा काढायच्या होत्या.

"डांबऱ्या," मी म्हणालो.
शेळ्यांनाही ऐकू जाऊ नये इतकं हळू.
शेपूट हललं. एकदाच.
नाकापाशी काहीतरी चिकटलेलं होतं,
तांबूस केस, आमच्याच शेळीचे.
मी काठी उचलली.
खरंच उचलली,
आणि तो काठीकडं नाही, माझ्या दुसऱ्या हाताकडं बघत होता,
ज्या हातात एके काळी चरवी असायची.

किती वेळ गेला सांगता येणार नाही.
बॅटरी पिवळी पडत गेली.
मग तो वळला आणि उसाच्या खोडव्यात शिरला,
लगबग न करता,
जसं आपल्याच घरातून कुणी बाहेर जावं.

सकाळी वहिनीनं विचारलं, किती आली होती?
पाच, म्हणालो.
पुडी अजून कोनाड्यात आहे.
दुपारी उन्हात एकटाच बसून
पुलाकडच्या बाजूचा चर
आणखी वीतभर खोल केला.