उसगावचे गोटे

पंचवीस वर्षं मी दगडाचे काप काढतो.
कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत
हिऱ्याच्या करवतीवर थेंब थेंब पाणी
आणि माझ्या नखांत कायमचा राखाडी मळ.
पानावर बसताना बायको विचारते, हात धुतले ना?
धुतले. हे आता आतलंच आहे.

दर नोव्हेंबरात कुतिन्हो मॅडम मुलांना घेऊन
उसगावला नदीवर जातात. घण आणि पोतं घेऊन मीही.
पाणी उतरलेलं असतं. काठचा कातळ उघडा पडतो
आणि त्याच्या अंगात रुतलेले गोटे दिसतात,
एखादा गुलाबी ग्रॅनाइटचा, बरेचसे पांढऱ्या गारेचे,
सगळे एकाच दिशेनं ताणलेले,
तवशासारखे लांबट.

हेही एकदा नदीतलेच, मॅडम म्हणाल्या.
गोल होते. कुठल्याशा प्रवाहानं घोळवून घोळवून केलेले.
तेव्हा गवत नव्हतं, मासा नव्हता,
उतारासाठी काठावर खोळंबलेलं कुणी नव्हतं.
मग दोन भूखंड एकमेकांकडे सरकू लागले
नखं वाढतात त्या वेगानं.
सगळ्यांनी आपापली नखं पाहिली.
मी हात खिशात घातला.

पिसुर्ल्याची सुलक्षा गावस, कधी तोंड न उघडणारी,
तिनं विचारलं, मग डोंगर कुठं आहे?
दोघंचौघं पूर्वेला सह्याद्रीकडे बघायला लागले.
तो नव्हे, मॅडम हसल्या, तो कालचा पोर.
या गोट्यांवर जो डोंगर बसला होता
तो अडीचशे कोटी वर्षांत पावसानं खाल्ला.
आपण त्याच्या तळाशी उभे आहोत.
सुलक्षानं एक पाऊल उचललं
आणि परत तिथंच ठेवलं.

एक गोटा मी पोत्यात घातला.

सोमवारी त्याचा काप कापला, काचेवर चिकटवला,
कार्बोरंडमच्या पुडीवर घासायला घेतला.
जाडी मी मोजत नाही, रंग बघतो.
भिंगाखाली गारेचा पिवळा उतरून राखाडी झाला
की हात थांबवायचा.
नवा होतो तेव्हा एकदा नाही थांबवला.
बाहेर कुणाची तरी वरात चालली होती, मन तिकडं,
आणि काच वर धरली तर नुसती काच.
दगड होता याला पुरावा म्हणून
बोटावर थोडं पीठ.

मधल्या सुट्टीत सुलक्षा आली. मी खुर्ची दिली.
डोळा लावून खूप वेळ बसली.
हिरवं दिसतं, म्हणाली.
क्लोराइट, मी म्हटलं. मूळची चिखलमाती,
वर दहाबारा किलोमीटर ओझं आलं तेव्हा असली झाली.
आता तबकडी फिरव, गारेकडे बघ.
साधी गार एकदम विझते. दाबलेली एकदम विझत नाही.
काळोख तिच्या अंगावरून
लाटेसारखा सरकत जातो.

ती फिरवत राहिली.
मग डोळा न काढताच म्हणाली,
आमच्या घरामागचा डोंगर बाबांनी नेला.
टिपरनं. अठरा वर्षं लागली.
शेवटी खाण बंद पडली
तेव्हा तिथं तळं होतं.

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.
मी करवतीचा नळ बंद केला, परत सोडला.

लेबलवर नंबर घालायचा असतो, ठिकाण, तारीख.
तिनं लिहिलं: उसगाव. डोंगराचा तळ.
नियमात बसत नाही. मी राहू दिलं.

संध्याकाळी बादलीत गाळ साचतो,
दिवसभरात झिजलेलं सगळं, कुठलं कुणाचं कळत नाही.
तो मी मागच्या केळीच्या बुंध्याशी ओततो.
वरचं पाणी जिरून जातं.
खाली पातळ थर राहतो, कालच्या थरावर.