डाव्या आरशाखाली

सांग्याच्या बाजारामागे शाणू वेळीपचं गॅरेज.
पत्र्याखाली माझी गाडी मेन स्टँडवर,
सीट काढून भिंतीला टेकवलेली.
मी खोकं फोडतो:
तळव्याएवढा पडदा, एक रबरी गोळा, एक चिमटा,
चार स्क्रू, त्यातला एक जास्तीचा,
आणि अठरा भाषांतलं सूचनापत्रक
ज्यात मराठी नाही, कोंकणी तर नाहीच.

शाणू पत्रकावर पाना ठेवतो, उडू नये म्हणून.
"नदर खंय पडटा तुजी?"
मी हेल्मेट घालून बसतो, बंद गाडीवर,
समोर कॅलेंडर, मे महिना.
तो शिंप्यासारखा माझ्या मानेचा कोन बघतो.
"मात्शें सकयल. हांगा."
डाव्या आरशाखाली, क्लचच्या तारेच्या आतल्या अंगाला
जागा ठरते.

चिमट्याखाली जुन्या ट्यूबची पट्टी,
म्हणजे पाइप ओरबाडत नाही.
शेवटचा अर्धा आटा तो सोडून देतो.
पुरतं आवळलेलं एक दिवस वाकणावर
हातात येतं, म्हणतो.

मग वायर: बॅटरीपासून टाकीच्या पोटाखालून,
वाटेत दोन अँपियरचा फ्यूज,
आणि वीज किल्लीनंतरची,
नाही तर हे रात्रभर जागणार
आणि सकाळी गाडी मेलेली.
हँडल पूर्ण डावीकडे. पूर्ण उजवीकडे.
कोपऱ्यावर त्याने एक सैल वळसा ठेवलाय.
"तिकाय वळपाक सुवात जाय."

किल्ली फिरवली.
पडदा उपग्रह मोजत बसला. तीन, पाच,
नवव्याला आम्ही सापडलो:
सांगे, पत्र्याखाली एक निळा बाण, नाक भिंतीकडे.

मजुरी विचारली तर
शाणू हात पुसतच राहिला.
एक जागा यात घालता येईल का?
धरणाच्या निळ्या ठिपक्यावर त्याने बोट फिरवलं,
ग्रीस लागू नये म्हणून न टेकवता.
आठ वर्षांचा होता, सामान न्यायला ट्रक आला तेव्हा.
"हांगा खळें. हांगा न्हाणी. हांगा आमचो पणस."
मी बोट टेकवलं.
इथे रस्ता जात नाही, यंत्र म्हणालं,
जवळच्या रस्त्यावर सोडू का?
"नाका म्हण ताका."

तर आम्ही निघालो, तो मागे बसून,
गॅरेज तसंच उघडं.
डांबर संपलं तिथे बाण पाण्यात शिरला.
खाली भेगाळलेला गाळ, शिंपले,
चिऱ्यांची गुडघाभर जोती,
एका बुंध्याला अडकलेलं जाळं.
शक्य तिथे मागे वळा. शक्य तिथे मागे वळा.
मी आवाज बंद केला.
शाणू खांद्यावर थोपटून सांगत होता,
डावीकडे एकदा, उजवीकडे दोनदा,
आणि एका जोत्यापाशी
थोपटायचं थांबला.

उतरून तो आधी चिमट्याकडे गेला.
गोळा हलला नव्हता.
मग जोत्यावर चढला, चप्पल काढून.

नाव काय देऊ, मी विचारलं.
त्याने बराच वेळ घेतला. "घर," म्हणाला.
मी टंकलं.
'घर' आधीच आहे, यंत्र म्हणालं. बदलू?
तो माझा फोंड्याचा फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
तिथे मी तसाही कुणाला न विचारता पोचतो.

मजुरी त्याने घेतली. दोनशे कमी.

आता रोज सकाळी फोंड्यात किल्ली फिरवली
की पडदा उजळून सांगतो,
घर, अठ्ठेचाळीस किलोमीटर.
जूनच्या शेवटी ती जागा पाण्याखाली गेली असेल.
यंत्राला कळलं नाही.
त्याच्या लेखी तिथे
पहिल्यापासून पाणीच होतं.