उत्तरेकडचं छप्पर

ब्रॉडीने बूट न काढता घर पाहिलं,
तीन बेडरूम, एक शेड, मागे संत्र्याची चौदा झाडं,
मग अंगणात येऊन वर बोट केलं :
"हे कुठल्या साली बसवलेत?"

देस्पिनाचा गुडघा बदलला त्या साली.
मी असंच मोजतो. त्याने फॉर्मवर काय लिहिलं कोण जाणे.

सोळा पॅनेल. सगळी उत्तरेला तोंड करून,
आमच्या रेनमार्कात ऊन तिकडूनच येतं.
बसवणारा पोरगा छपरावर, मी शिडी धरून,
आणि देस्पिना खालून मला शिव्या घालतेय, ग्रीकमध्ये,
म्हणजे त्याला कळू नयेत.
त्याला सगळ्या कळत होत्या.
बेकरीवाल्या यॅनूलाचा नातू निघाला तो.

कागद बिस्किटांच्या डब्यात सापडले :
वॉरंटी, इन्व्हर्टरची पावती,
आणि वीज कंपनीचा जुना करार, देस्पिनाच्या सहीचा.
"हा नावावर असतो, घरावर नाही," ब्रॉडी म्हणाला,
"घर गेलं की संपला."
म्हणजे त्याच छपरावर पडणारं तेच ऊन
शुक्रवारी एका भावाचं
आणि सोमवारी त्याच्या निम्म्याचंही नाही.
मी चाळीस वर्षं संत्री विकली,
भाव पडणं मला नवीन नाही.
पण संत्रं निदान सडतं तरी,
पडलेल्या भावाचं काहीतरी दिसतं त्याच्यावर.

घेणारे आले. अमरजोत, पॅकिंग शेडमधला,
आणि टेगन, आठव्या महिन्यात.
ती स्वयंपाकघर न बघताच पायरीवर बसली.
तो न विचारता शिडी चढला,
बाहीनेच चौथ्या पॅनेलवरची पाखरांची घाण पुसली,
वरूनच ओरडला, "इथे सावली येते का?"
येते. शेजारच्या झाडाची, चारनंतर.
मी ती किमतीत धरली नव्हती.
त्याने धरली.

पैसे देस्पिनाच्या खोलीत जातात.
खोली चांगली आहे, खिडकी दक्षिणेला.
तिला मुलीचं नाव आठवत नाही,
माझं कधी आठवतं, कधी मी डॉक्टर असतो.
पण संध्याकाळचा चहा आला की विचारते,
गेली बारा वर्षं विचारते तसंच :
"आज किती?"

मी फोन काढतो. ॲप अजून चालू होतं,
उघडलं की वर तिचंच नाव, 'नमस्कार, देस्पिना'.
"एकवीस युनिट," मी सांगायचो.
"बरंय," ती म्हणायची, आणि बिस्किट बुडवायची.

त्याच ॲपमध्ये खाली दुसरी रेघ असते, वापराची.
एका रात्री ती तीन वाजता उठली,
मग साडेचारला, मग पाचला.
किटली, दिवा, पुन्हा किटली.
बाळ आलं हे मला असं कळलं,
पत्ता माझा नसलेल्या घरात.
मी कुणाला बोललो नाही.
पुढच्या रविवारी आकडा एकदम घसरला,
चौथ्यावर पुन्हा घाण साचली असणार.
फोन करायला हात गेला, मागे घेतला.
काय सांगणार होतो? की मी बघतो आहे?

मग अमरजोतचाच आला. बिचारा अवघडून बोलत होता :
"काका, ते खातं अजून तुमच्याकडे आहे वाटतं..."
मी म्हटलं, हो, राहूनच गेलं.
दोन बटणं दाबली. त्याने बाळाचं नाव सांगितलं,
नीट ऐकू आलं नाही, पुन्हा विचारलं नाही.

काल दिवसभर आभाळ भरलेलं.
चहा आला. देस्पिनाने कप ओढला,
"आज किती?"
"बावीस," मी म्हणालो.

तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
शिडीखालून पाहायची तशी :
"बावीस? या ढगात?"