आधी जीभ

देगूच्या दुकानात ग्यूते
गुंडाळ्या उलगडत बसलाय.
ही धुता येते. हिच्यात पाणी मुरत नाही.
हिला पेट्रोल पंपासारखा वास.
विक्रेती कागद पुढे करते: शिक्के, आकडे, तारीख.

सासरे काहीच वाचत नाहीत.
चाळीस वर्षं लोकांच्या जमिनींवर
त्यांनी कागद चिकटवले,
वर सोयाबीनचं तेल चोळलं,
वाळलं की पुन्हा चोळलं.
सांडलेलं दूध थेंब होऊन
तिथल्या तिथे थांबायचं.

आता ते गुडघे टेकतात, सावकाश,
आणि गादीच्या कोपऱ्याला जीभ लावतात.
विक्रेती दुसरीकडे बघते.

"नातही आधी हेच करणार.
रांगणं मागाहून."

रुमालानं ओला कोपरा पुसतात, अगदी नीट.
"कडू आहे," म्हणतात.
"पुढची दाखवा."