तेरा मिलिमीटर

टोपलीवर पाटी होती: अठ्ठावीस इंची, नऊ युरो.
हिस्केच्या टायरवरही अठ्ठावीसच होतं की.
घरी दोन चमचे वाकले, एक नख मोडलं,
टायर काही रिमवर चढेना.

दुकानात वॉब्बे हसला नाही.
जुन्या टायरची कूस त्यानं थुंकी लावून पुसली.
चाळीस, आडवी रेघ, सहाशे पस्तीस.
बाकीचं लेउवार्डनच्या विटांनी खाल्लं होतं.

इंच म्हणजे आडनाव, तो म्हणाला.
एका आडनावाची माणसं
एका घरात मावतातच असं नाही.
तू आणलंस ते सहाशे बावीस.
टायर रिमला मिठी मारतं ना,
तिथं तेरा मिलिमीटर कमी.
मापात पाप नाही, बाई,
तू माप वाचलंच नाहीस.

चाळीस ही रुंदी. थोडी इकडेतिकडे चालेल,
मडगार्डला विचारून.
हा बाण फिरायची दिशा.
हा हवेचा आकडा, त्यापुढे पंपाशी पैज नको.
आता विचार किंमत.

सव्वीस युरो. तिनं मुकाट्यानं मोजले.

संध्याकाळी शेडचं दार लावताना
पंपामागे दिसले सुताराच्या पेन्सिलीचे आकडे,
बापाच्या हातचे: ४०-६३५.
लहानपणी तिला वाटायचं,
रविवारच्या प्रार्थनागीताचा नंबर असेल.
पंप मारताना तो गुणगुणायचाच काहीतरी.

तिनं पावती तिथंच खिळ्याला टोचली.
खाली टायर अजून
नव्या रबराचा वास मारत होतं.