आज कोळंबी मी सोलतो

उबाल्दिना, आज तू बस.
ती निळी खुर्ची दाराशी ओढ, पाय उंबऱ्यावर टाक,
आणि हात मांडीवर ठेव, उताणे.
त्यांना आज काही काम नाही.

कारखाना सोमवारी बंद झाला.
तलावात रोग शिरला म्हणे, पांढऱ्या ठिपक्यांचा.
गेटला साखळी, साखळीवर कागद,
आणि तू रबरी बूट काखोटीला मारून
मुइस्नेच्या धक्क्यापासून अनवाणी चालत आलीस.
मला वाटलं, रडशील.
तू म्हणालीस, "मला कोळंबी खायचीय."

नऊ वर्षं या घरात कोळंबी शिजली नाही.
नऊ वर्षं तू बर्फाच्या पाण्यात मनगटं बुडवून सोललीस,
पौंडावर पैसे, माद्रिदच्या कुणासाठी तरी,
आणि घरी आलीस की लिंबाच्या सालीनं बोटं घासायचीस,
तरी उशीला वास यायचाच.
मी कधी बोललो नाही.
भात, अंडी, तळलेली केळी. चाललं आपलं.

ही तलावातली नव्हे, घाबरू नकोस.
तेओफिलोनं पहाटेच्या ओहोटीला खारफुटीतून काढलीय,
जेवढी खारफुटी उरलीय तेवढीतून.
बघ, मिशा अजून हलताहेत.

पहिली सोलायला मला किती वेळ लागला
ते तू भिंतीवरच्या घड्याळात मोजलंस.
"एवढ्यात माझ्या वीस झाल्या असत्या."
माहीत आहे.
"काळा धागा राहिला."
काढतो.
"तसा नाही, पाठीवरून, नखानं—"
बस म्हटलं ना.

"डोकी टाकू नकोस," हे मात्र तू उठून म्हणालीस.
तिथं डोकी पिंपात जायची, पिंपं ट्रकात.
तुझी आई ती पाट्यावर ठेचायची,
गाळायची आणि त्या नारिंगी पाण्यात
आख्खं घर जेवायचं.
मी ठेचली. भिंतीवर शिंतोडे उडाले.
युलिसा नारळ खवता खवता फिस्सकन हसली,
निम्मा नारळ तिच्याच पोटात.

शेंदरीच्या बिया तेलात पडल्या
आणि तेल संध्याकाळसारखं झालं.
मग कांदा, मग मिरची, तिखट नसलेली,
लसूण जरा जास्तच, माझा हात सैल आहे.
डोक्यांचं पाणी. नारळाचं दूध, पहिलं, घट्ट.
ते फुटेल की काय म्हणून मी डावाला चिकटून उभा,
जसा रात्री तलावावर पहारा करायचो,
बंदूक घेऊन, कुणाच्या तरी कोळंबीवर.

कोळंबी अगदी शेवटी. वाकली की बास.
"आता!" तू ओरडलीस,
आणि मी पातेलं उतरवलं, फडकं विसरून.

चियांग्वाची पानं हातानं तोडून टाकली.
कोथिंबिरीची रानटी बहीण म्हण तिला,
परसात कुणी न लावता उगवते.

वाढताना तू डावातल्या कोळंबीखाली तळवा धरलास,
नुसता धरलास, आणि म्हणालीस, "पाव पौंड. थोडी कमीच."
काट्यावर ठेवली असती तरी तेवढीच भरली असती.
मग तुझं तुलाच हसू आलं,
आता याचे कोण किती देणार.

तू जेवलीस. चमचा बाजूला सारून.
पाचही बोटं रश्शात, कोपरापर्यंत ओघळ,
एक डोकं मी आख्खं ठेवलं होतं तुझ्यासाठी,
ते तू चोखलंस, डोळे मिटून, फार वेळ.
मी तुझ्याकडे पाहत नव्हतो. केळी चेचत होतो.

पुढच्या महिन्याचं भाडं, युलिसाचे बूट,
गेट उघडेल की नाही,
हे सगळं त्या फडताळावर बसून होतं, आमच्याकडे बघत.
बसू दे.

भाताच्या टोपाला खाली खरपुडी धरली होती.
ती तू उलथन्यानं खरवडलीस,
निम्मी मला दिलीस, निम्मी रश्शात बुडवलीस,
आणि बोटं नाकाशी नेऊन म्हणालीस,
"आज नाही धुणार."